किडनीची बायोबँक उभारायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी किडनी विभागाच्या बायोबँकेत समन्वयक म्हणून काम करते. नेफ्रॉलॉजीचे रेसिडेंट, पॅथॉलॉजीतले तंत्रज्ञ, पेशंटचे नातेवाईक, आणि आपल्याकडेही अशी बँक काढू म्हणणारे डॉक्टर, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदा लिहून ठेवतेय. प्रश्न ज्या शब्दांत येतात त्याच शब्दांत ठेवले आहेत.

बायोबँक म्हणजे मोठा फ्रीझरच ना?

फ्रीझर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पैसे मंजूर झाले की येतो. बायोबँक म्हणजे नमुना आणि त्या नमुन्याची हकीकत एकमेकांना कायमची बांधून ठेवायची व्यवस्था. नमुना म्हणजे बायोप्सीचा तुकडा, रक्त, लघवी, डीएनए. हकीकत म्हणजे आजार कधीपासून आहे, नमुना घेतला त्या दिवशी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) किती होतं, स्टिरॉइड चालू होतं का, तुकडा सुईतून निघाल्यापासून गोठेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि पुढे तीन वर्षांनी त्या माणसाचं काय झालं. यातली शेवटची ओळ सगळ्यात महाग पडते. नळी मिळते, तीन वर्षांनी पेशंट मिळत नाही.

लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी पडली तर चाखून कळतं आंब्याचं की लिंबाचं. इथे ती सोय नाही. हकीकत हरवलेली नळी टाकूनच द्यावी लागते.

तपासण्या तर रोजच होतात. वेगळं साठवायचं कशाला?

रोजची तपासणी आजच्या प्रश्नाचं उत्तर देते. साठवलेला नमुना पुढे कधीतरी सुचणाऱ्या प्रश्नासाठी असतो.

मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचं बघा. लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, बायोप्सीत गाळणीचा पडदा जाड दिसतो. कशामुळे, ते कितीतरी वर्षं नीट कळत नव्हतं. २००९ साली बोस्टनच्या संशोधकांनी या आजाराच्या ३७ पेशंटचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, तपासलं, तेव्हा २६ जणांत एकाच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. ते प्रथिन म्हणजे पीएलए-टू-आर. आज ही तपासणी आपल्याकडे रक्ताची एक नळी देऊन होते आणि काही पेशंटची बायोप्सीसुद्धा त्यामुळे टळते.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. अमेरिकेत नेफ्रोटिक सिंड्रोमच्या (लघवीतून भरपूर प्रथिनं जाऊन सूज येते त्या विकाराच्या) पेशंटचं ‘नेप्च्यून’ नावाचं जाळं आहे. अनेक रुग्णालयं, एकच पद्धत, सगळ्यांचे नमुने एकत्र. तिथे जपून ठेवलेल्या, मिनिमल चेंज आजाराच्या ६२ पेशंटच्या सीरममध्ये पुढे १८ जणांत नेफ्रिन या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी मिळाल्या. हे २०२२ मध्ये छापून आलं. बायोप्सीत ‘काही विशेष दिसत नाही’ म्हणूनच ज्या आजाराला मिनिमल हे नाव पडलं, त्यातल्या काहींचं कारण त्या नळ्यांमध्ये गोठून बसलं होतं.

आपल्याकडे बायोप्सी होतातच की. उरलेला तुकडा ठेवला तर काम भागत नाही?

थोडं भागतं. पण बायोप्सी कोणाची होते ते बघा. वीस वर्षांचा मधुमेह, डोळ्याच्या पडद्यावर परिणाम, लघवीत प्रथिनं, एवढं दिसलं की निदान उघड असतं. सहसा कुणी सुई घालत नाही. म्हणजे ज्या आजाराने डायलिसिसचे हॉल भरलेत, त्याच आजाराचे तुकडे बँकेत जवळजवळ नसतात. आणि जे असतात ते ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हणून केलेल्या बायोप्सीचे, म्हणजे मुळातच वेगळ्या वाटेचे पेशंट.

ही गोची सोडवायला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये ‘किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात मधुमेह किंवा रक्तदाबामुळे किडनी बिघडलेले आणि अचानक किडनी बंद पडलेले पेशंट, एरवी गरज नसताना, निव्वळ संशोधनासाठी बायोप्सी करून घ्यायला तयार होतात. हे सोपं नाही. म्हणून त्यांनी पेशंटना पहिल्यापासून समित्यांवर बसवलं. सुई कोणाला टोचायची आणि कोणाला नाही, या चर्चेत ज्यांना टोचायची ते हजर होते. त्या नमुन्यांवरून किडनीतल्या पेशींचा नकाशा बनतोय. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या मोठ्या निबंधात ५१ मुख्य पेशीप्रकार मांडले आहेत. नकाशा इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो.

आपण लगेच तेवढी उडी मारावी असं माझं मत नाही. निदानासाठी होणाऱ्या बायोप्सीतून एक जादा तुकडा, आणि बायोप्सी न होणाऱ्या मधुमेहींचं रक्त-लघवी, एवढ्यावर पहिली पाच वर्षं निघतात.

भारतात कुणी केलंय का?

केलंय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या गाळण्यांच्या आजाराच्या पेशंटचा नमुन्यांसकट पाठपुरावा २०१५ मध्ये सुरू झाला. ‘इंडियन क्रॉनिक किडनी डिसीज स्टडी’त देशभरातल्या केंद्रांवरचे चार हजारांहून अधिक पेशंट आहेत. आणि ज्याचं कारणच माहीत नाही असा किडनीचा आजार आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात आहे, गोव्यात काणकोणातही आहे. तिथे मधुमेह नाही, फारसा रक्तदाब नाही, तरी शेतात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या जातात. अशा ठिकाणचे व्यवस्थित जपलेले नमुने सोन्याच्या मोलाचे. अमेरिकेतल्या नकाशात काणकोणचा शेतकरी सापडणार नाही.

जादा तुकडा म्हणजे जादा धोका, नाही का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. जगभरातल्या एक लाखाहून अधिक किडनी बायोप्सींचा एकत्र आढावा घेतला तेव्हा रक्त चढवावं लागलं सुमारे १.६ टक्के जणांना, आणि रक्तस्राव थांबवायला पुढची प्रक्रिया करावी लागली ०.३ टक्के जणांत. धोका लहान आहे, शून्य नाही. एक जादा फेरी म्हणजे आणखी एकदा सुई आत जाते, आणि हे संमतीपत्रात ठळक लिहायचं. आमच्याकडे नियम असा की निदानाचे तुकडे पुरेसे आहेत असं तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितल्याशिवाय बँकेसाठी सुई घालायची नाही. आणि पेशंट कण्हत असेल, रक्तदाब चढलेला असेल, तर बँक त्या दिवशी उपाशी.

तुकडा बाहेर आल्यावर नेमकं काय करता?

शेवईचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा डोळ्यासमोर आणा. एवढंच असतं. नीट निरखलं तर त्यात बारीक लाल ठिपके दिसतात, ते ग्लोमेरुलाय, किडनीच्या गाळण्या. निदानाला साधारण दहा तरी लागतात. ठिपके नसतील तर सुई खोल, किडनीच्या आतल्या भागात (मेड्युलात) गेली.

चिमट्याने दाबायचं नाही, पेशी चिरडतात. कोरड्या गॉजवर ठेवायचं नाही, कडा सुकतात. आम्ही लाकडी टूथपिक वापरतो. लाखोंच्या यंत्रांच्या खोलीत सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. मग वाटणी. एक भाग फॉर्मेलिनमध्ये. इम्युनोफ्लुओरेसन्सचा (अँटिबॉडी चमकवून बघायच्या तपासणीचा) भाग वेगळ्या द्रावात, कारण तो चुकून फॉर्मेलिनमध्ये पडला की त्याची नेहमीची तपासणी संपली. मिलिमीटरभर ग्लुटारअल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. हे सगळं पेशंटच्या निदानाचं. बँकेचा तुकडा त्यानंतर: काही आरएनए (चालू असलेल्या जीनची नक्कल) टिकवणाऱ्या द्रावात, काही जेलमध्ये बसवून गोठवलेला.

या सगळ्यात एकजण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वेळा लिहितो. सुई बाहेर ११:०४, द्रावात ११:०७, गोठवला ११:१९. नव्या माणसाला हे कारकुनी वाटतं. पण तुकडा शरीराबाहेर आल्यापासून पेशी बदलायला लागतात, काही जीन चालू होतात, आरएनए तुटू लागतो. दहा मिनिटांचा आणि पन्नास मिनिटांचा तुकडा शेजारी ठेवला तर संशोधकाला जो फरक दिसेल तो आजाराचा नसून आमच्या गप्पांचा असेल.

लघवी तर सोपी?

उलट. रक्त काढायला किमान सिस्टर तरी असतात, लघवी पेशंट स्वतः आणतो. कधी पहाटेची, कधी एसटीतून तीन तास हिंदकळत आलेली, एकदा तर धुतलेल्या काढ्याच्या बाटलीत. आम्ही आता डबी इथेच देतो आणि इथेच घेतो. लवकरात लवकर यंत्रात गरगर फिरवायची, वरचं पाणी आणि खालचा गाळ वेगळे करायचे, अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या नळ्या भरायच्या आणि उणे ८० अंशांवर ठेवायच्या. उणे २० चा साधा डीप फ्रीझर नको, त्यात अल्ब्युमिन कमी भरतं. छोट्या नळ्या यासाठी की एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवला की तो पहिल्यासारखा राहत नाही. मोठी बाटली एकच ठेवलीत तर पहिला संशोधक तिचं वाटोळं करतो, दुसऱ्याला काही उरत नाही.

डेटात काय काय घ्यायचं?

इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण बँका इथे बुडतात.

पहिली गोष्ट, माणूस एकच आहे ना. बाई माहेरच्या नावाने केस पेपर काढते, लग्नानंतर दुसऱ्या आडनावाने येते, आधारवर तिसरंच स्पेलिंग. ‘किसन’ आणि ‘कृष्णा’ एकच, ‘बाळू’चं कागदावरचं नाव भलतंच. जन्मतारखेवर भिस्त ठेवावी तर आपल्याकडच्या वयस्क माणसांपैकी कित्येकांचा जन्म १ जूनचा, शाळेत मास्तरांनी लिहिला तो. आमच्या यादीत एका तालुक्यातून १ जूनचे अकरा जण आहेत. म्हणून बँकेचा स्वतःचा क्रमांक पहिल्या दिवशी द्यायचा आणि पुढे कुठेही नाव वापरायचं नाही.

दुसरं, आकड्यांची एककं. आपण क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये मोजतो, युरोपात मायक्रोमोलमध्ये. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४. आखाती देशातून परतलेला पेशंट तिकडची फाइल घेऊन येतो, त्यात १०६ लिहिलेलं असतं, म्हणजे आपलं साधं १.२. नवख्या मुलाने ते तसंच चढवलं तर त्या पेशंटचं ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) काय निघेल ते विचारू नका. क्रिएटिनिन कुठल्या पद्धतीने मोजलं, जॅफे की एन्झायमॅटिक, हेही लिहून ठेवा. दहा वर्षांत लॅब यंत्र बदलते आणि आलेखात उगाच एक पायरी उमटते.

तिसरं, छापील फॉर्ममध्ये नसलेले प्रश्न. परदेशी फॉर्म विचारतो, ‘हर्बल औषधं घेता का?’ पेशंट ‘नाही’ म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. तेच ‘काढा, चूर्ण, भस्म, कुणी वैदूने दिलेली पुडी?’ असं विचारा, मग बघा. ‘वेदनाशामक घेता का’ नको, ‘गुडघे-कंबर दुखली की मेडिकलमधून कुठली गोळी आणता, पाकीट आहे का’ असं हवं. गोरेपणाच्या क्रीमबद्दल विचारताना तर बाईंच्या सुनेला जरा बाहेर बसवा. हा निव्वळ चौकसपणा नाही. मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचा नेल-१ नावाचा एक प्रकार आहे. २०२२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवलं की त्यांच्याकडच्या अशा अनेक पेशंटनी पारंपरिक औषधं घेतली होती. केरळातून पारा असलेल्या क्रीममुळे झालेले पेशंटही नोंदले गेले. हा दुवा सुईने सापडलेला नाही, विचारून सापडला.

सॉफ्टवेअर कुठलं?

एक्सेल नको. बाकी जे तुमच्या माणसांना झेपेल ते. पेशंटच्या माहितीसाठी रेडकॅप बऱ्याच संस्थांत आहेच. नळ्यांच्या हिशेबासाठी, म्हणजे कुठला फ्रीझर, कुठला रॅक, कितवं खोकं, ओपनस्पेसिमेन जगभर वापरतात, आणि ते बनवणारी कंपनी पुण्याची आहे, हे पुण्यातल्याच कित्येक डॉक्टरांना ठाऊक नसतं. लेबल मात्र नायट्रोजनमध्ये टिकणारंच घ्या. साधा स्टिकर उणे ८० ला सुटून पडतो.

संमतीपत्रावर सही घेतली की झालं?

सही सगळ्यात शेवटी. आमच्याकडे बसणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किडनी काढून नाही ना घेणार?’ किडनीच्या व्यवहाराच्या बातम्या लोकांनी वाचलेल्या असतात. म्हणून मी ‘दान’ हा शब्दच टाकला. आपल्याकडे किडनीदान म्हटलं की प्रत्यारोपण. मी टेबलावर खरोखरची शेवई ठेवते आणि सांगते, एवढं, यातलंही अर्धं. दुसरा प्रश्न योजनेचा: नाही म्हटलं तर फुले योजनेतलं डायलिसिस बंद होईल का? नाही होणार, हे संमतीपत्रात लिहिलेलं असावं आणि तोंडानेही सांगावं, शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नाही, दुसऱ्या कुणीतरी. डॉक्टरांना नाही म्हणणं लोकांना जमत नाही.

एकदा एका मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मी मेले तरी तो तुकडा राहणार?’ हो म्हटलं. मुलगा म्हणाला, ‘अगं कर ना सही, साहेब म्हणतायत तर.’ मी त्याला चहा प्यायला पाठवलं. मावशींनी दोन दिवस घेतले, मग अंगठा दिला, शेजारच्या कॉटवरच्या बाईंच्या मुलीला साक्षीदार करून. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी असा त्रयस्थ साक्षीदार लागतोच.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बायोबँकेवर वेगळं प्रकरण आहे, ते मुळातून वाचा. मला स्वतःला टप्प्याटप्प्याची संमती बरी वाटते: किडनीच्या संशोधनाला हो की नाही, इतर आजारांना हो की नाही, जनुकीय तपासणीला, परदेशी पाठवण्याला, पुन्हा फोन करण्याला. प्रत्येकापुढे वेगळी खूण. ‘सगळ्याला हो’ असा एकच चौकोन ठेवल्यावर काय होतं, त्याला ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीचं उदाहरण आहे. त्यांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. २०१० मध्ये ते रक्त घेणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. फॉर्म होता, सह्या होत्या.

लहान मुलांचं काय?

नेफ्रोटिक सिंड्रोम मुलांत भरपूर, तेव्हा हा प्रश्न येणारच. आई-वडिलांची संमती, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार. बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. अठरा पूर्ण झाले की त्यालाच पुन्हा विचारायचं. या शेवटच्या पायरीसाठी कॅलेंडरमध्ये आठवण लावा.

नाव काढून टाकलं की ओळख लपली ना?

लहान गावात नाही. ‘अमुक तालुका, वय ३४, स्त्री, दुर्मीळ आनुवंशिक आजार, डायलिसिसवर’ एवढ्यावर तालुक्यातला कंपाउंडर नाव सांगेल. आम्ही बाहेर देताना गावाऐवजी जिल्हा देतो, प्रत्येक पेशंटच्या तारखा एकाच ठरावीक दिवसांनी सरकवतो म्हणजे अंतरं तशीच राहतात, आणि फार कमी पेशंट असलेले गट एकत्र करतो. क्रमांक आणि नाव जोडणारी किल्ली वेगळ्या संगणकावर, दोघांच्याच हाती. किल्ली जाळून टाका असं काही वकील सुचवतात. मग तीन वर्षांनी काय झालं ते कळणार कसं, आणि कुणी नमुना परत मागितला तर कुठली नळी काढणार? संमती मागे घेण्याचा हक्क आहे. उरलेला नमुना आम्ही नष्ट करतो, मात्र आधी झालेल्या अभ्यासातून आकडे उपटून काढता येत नाहीत, हेही आधीच सांगतो.

लाइट गेली तर?

पूर्वी मी जिथे होते तिथे लक्ष्मीपूजनाच्या रात्री उणे ८० चा एक फ्रीझर बंद पडला. लाइट होती, कॉम्प्रेसर गेला होता. अलार्मने फोन केला, पण ज्या नंबरवर केला तो तंत्रज्ञ जूनमध्येच नोकरी सोडून गेला होता. पाडव्याला सकाळी साफसफाईच्या मामांना दाराखाली पाणी दिसलं. डीएनए टिकला. आरएनएच्या नळ्या गेल्या. लघवीचे दोन रॅक आम्ही ठेवले, पण प्रत्येक नोंदीत ‘वितळला’ असं लिहून. हे लिहू नये, बँकेची किंमत कमी होते, असं तेव्हा कुणीतरी सुचवलं होतं. लिहिलंच पाहिजे.

तेव्हापासून: एक फ्रीझर कायम रिकामा आणि चालू. एका पेशंटच्या नळ्या दोन वेगळ्या फ्रीझरांत. तुकडे द्रव नायट्रोजनच्या टाकीत, तिला वीज लागत नाही. मात्र त्या खोलीत प्राणवायू मोजणारं यंत्र हवंच, नायट्रोजन साठला तर माणूस न कळता कोसळतो. आणि अलार्मचे नंबर दर महिन्याच्या एक तारखेला तपासायचे, फोन लावून.

नमुने कोणाला द्यायचे? आमचे आम्हीच वापरले तर?

मग ती बँक नाही, कपाट आहे. पण मागेल त्यालाही देता येत नाही. रक्त पुन्हा काढता येतं, तो तुकडा पुन्हा येत नाही. आमच्या समितीत डॉक्टर आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत आणि डायलिसिसवरचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. अर्ज आला की सगळ्यात अडचणीचा प्रश्न तेच विचारतात: ‘हे लघवीवर नाही का होणार?’ निम्म्या वेळा होणार असतं. देताना अट एकच: निघालेले आकडे बँकेत परत यायचे, म्हणजे पुढच्याला तोच तुकडा पुन्हा जाळावा लागत नाही. परदेशी पाठवायचं तर करार आणि सरकारी मंजुरी दोन्ही लागतात, वेळ धरून चाला.

खर्च कशावर होतो?

माणसांवर. अनुदान यंत्रांना मिळतं आणि तीन वर्षांनी संपतं. फोन करून ‘काका, तपासणीला कधी येताय’ विचारणाऱ्या मुलीचा पगार मात्र दहा वर्षं लागतो. तो जमत नसेल तर पन्नास पेशंटवर थांबा. पन्नास पूर्ण हकीकती हजार मुक्या नळ्यांपेक्षा बऱ्या.

पेशंटला शेवटी काय कळतं?

निदानाचा रिपोर्ट त्याचा असतोच, तो मिळतो. संशोधनात निघालेलं बरंचसं एका माणसाला सांगण्यासारखं नसतं. उपचार बदलेल असं काही निघालं तर कळवायचं की नाही, याची खूण संमतीपत्रात आधीच घ्या. बाकी वर्षातून एकदा आम्ही ओपीडीच्या भिंतीवर मराठीत एक कागद लावतो: किती नमुने आले, किती गेले, कशासाठी.

एक काका दर सहा महिन्यांनी येतात, तो कागद वाचतात आणि तरी खिडकीशी येऊन विचारतात, ‘माझ्या डब्यांचं काय?’ मी क्रमांक टाकून बघते. गेल्या वेळी सांगितलं, दोन गेल्या, चार आहेत. ‘कुठं गेल्या?’ चंदीगडला. ‘बरं,’ म्हणाले, आणि रक्त द्यायच्या रांगेत जाऊन बसले.